एकशे एक दिवसांच्या गोळ्या

ताई,
माझे बाबा 69 वर्षांचे आहेत. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. बहात्तरच्या दुष्काळात पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात बदलीवर लागले. संपात गिरणी गेली. मग काही वर्षं मस्जिद बंदरला हमाली आणि पुढे वीस-बावीस वर्षं सोसायट्यांमध्ये वॉचमनची बारा-बारा तासांची ड्युटी. चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आहे, बोलणं अडखळतं, दमही लागतो. बीपी आधीपासून होतं, पण वर्षभर त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या आणि आम्हाला सांगितलंही नव्हतं.
काका बाबांपेक्षा चारच वर्षांनी लहान. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, गावाकडे रोज टेकडी चढतात. (काकांच्या डी.एड.च्या वेळी बाबांची मनीऑर्डर जायची, असं आई सांगते.) परवा भेटायला आले आणि म्हणाले, "दादानं स्वतःचं वाटोळं करून घेतलं. तंबाखू सोडली नाही, गोळ्या घेतल्या नाहीत." मला काकांचा राग यायला हवा होता, पण आला बाबांचा. भाऊ म्हणतो, पुरुषांचं सरासरी आयुष्य सत्तरच्या आतच आहे, आता किती दिवस राहिलेत, तू नोकरी सोडून त्यांच्याजवळ राहा. आई 63 वर्षांची, तीच त्यांना उचलते-बसवते. मी आंघोळ घालायला गेले की बाबा शिव्या देतात.
नोकरी सोडू का? आणि हा राग घेऊन बाबांसमोर बसू कशी?
– एक लेक, डोंबिवली

नोकरी सोडू नका. बाकीचं पत्र सवडीने वाचा, पण राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला असेल तर तो आज पाठवू नका.

आता रागाचं. मी 31 वर्षं मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. गोळ्या कशा घ्यायच्या हे समजावणं माझ्या कामात बसत नव्हतं. पण औषधांच्या खिडकीवर रांग असायची, आतला माणूस पाकिटावर पेनाने 1-0-1 (म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहून ते सरकवायचा आणि पाकीट हातात घेऊन माणसं माझ्या टेबलाशी यायची. त्यांतला एक हमाल अजून आठवतो. तिसरी शिकलेला, साठीच्या आतबाहेरचा. बीपी पुन्हा भडकलं म्हणून दुसऱ्यांदा भरती झाला होता. डॉक्टर त्याच्यावर ओरडून गेले. मग तो माझ्याकडे आला आणि पिशवीतून कालनिर्णयची पानं काढली. रोज एक फुली. मोजून एकशे एक फुल्या. पाकिटावर लिहिलेलं त्याने 'एकशे एक' असं वाचलं होतं आणि एकशे एक दिवस, एकही दिवस न चुकता गोळी घेतली होती. सरकारी गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या, पुढच्या त्याने पदरच्या पैशाने आणल्या. त्याला आकडे वाचता येत होते म्हणून घोटाळा झाला. अजिबात वाचता येत नसतं तर कुणाला तरी विचारलं असतं.

केसपेपरवर मात्र त्याच्याबद्दल एका ओळीत लिहिलं होतं की पेशंट औषधं नियमित घेत नाही.

तुमच्या बाबांनी गोळ्या का बंद केल्या हे तुमच्या पत्रात नाही. मला वाटतं, त्यांना ते कुणी विचारलेलंच नाही. मी ऐकलेली कारणं सांगते. गोळीची कंपनी बदलली, लाल गोळी पांढरी झाली, "ही आपली नव्हे" म्हणून बाजूला ठेवली. पाकिटावरचं नाव इंग्रजीत, तेव्हा रंग हीच ओळख. दुसरं कारण वॉचमन लोकांकडून फार ऐकलंय. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. गेट सोडायचं नाही, सोसायटीतला संडास वापरायचा नाही, अशी बारा तासांची ड्युटी असेल तर माणूस गोळी सोडतो, कारण नोकरी सोडता येत नाही. आणि तिसरं, सगळ्यांत साधं, म्हणजे बरं वाटतंय. बीपी दुखत नाही. ज्याने जन्मभर आडवं पडल्यावरच औषध घेतलं, त्याला धडधाकट असताना रोज गोळी घ्यायची ही गोष्ट कुणीतरी नीट बसून शिकवावी लागते. ओपीडीत त्याच्या वाट्याला डॉक्टरांची दोन-तीन मिनिटं येतात. तुमच्या काकांसारखे गुरुजी त्याच दोन मिनिटांत तीन प्रश्न विचारतात आणि डॉक्टरही त्यांच्याशी वेगळ्या सुरात बोलतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यावर आता चिडताही येत नाही.

काका खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच बोलतात. तंबाखू होती हे खरं. पण शाळेच्या आवारात गुरुजींना उघड तंबाखू मळता येत नाही. (चोरून मळणारे गुरुजी मला माहीत आहेत, पण चोरून मळावी लागते म्हणून ती कमी होते आणि एक दिवस सुटतेही.) रात्रपाळीच्या वॉचमनला पहाटे तीन वाजता जागं कोण ठेवणार? काकांना ताप आला तर अर्ज आणि पगारी रजा. बाबांना ताप आला तर खाडा. बदली कामगार रोज गेटवर जाऊन उभा राहायचा, नाव पुकारलं तर काम, नाही तर परत. अशा माणसाने छाती तपासून घ्यायला दिवस घालवायचा म्हणजे त्या दिवसाची भाकरी घालवायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा साधारण अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतल्या चौथी-सातवी झालेल्यांना पुढे जे काम मिळालं ते पाठीवरचं किंवा पायांवर उभं राहण्याचं. काका त्या सुमारास नुकतेच नोकरीला लागले असतील. 2005 च्या नोव्हेंबरआधीची नोकरी, म्हणजे जुनी पेन्शन.

आणि दम. सगळं तंबाखूच्या नावावर टाकू नका. कार्डिंग खातं म्हणजे कापूस पिंजून त्याचे पेळू करणारं खातं, गिरणीतल्या सगळ्यांत जास्त धुळीच्या जागांपैकी एक. तिथली माणसं गुळाचा खडा तोंडात धरून काम करायची. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी होते आणि सुरुवातीच्या काळात पुढच्या दिवसांत ती मोकळी होते. वर्षं गेली की मग सोमवार काय नि शनिवार काय. बाबांना तोच आजार आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण त्यांना एकदा विचारा, "सोमवारी छाती भरायची का?" आणि छातीच्या डॉक्टरांना सांगा की बाबा दहा वर्षं कार्डिंगला होते. हे केसपेपरवर येत नाही, कारण व्यवसायाच्या रकान्यात 'वॉचमन' लिहिलेलं असतं.

हे मी तुमच्या समाधानासाठी रचून सांगत नाही. लंडनमध्ये 1967 पासून सुमारे अठरा हजार सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो प्रसिद्ध आहे. सगळे पुरुष, सगळे पगारी, एकाच शहरातले, कुणी उपाशी नाही. तरी सर्वांत खालच्या पायरीवरचे, म्हणजे चपरासी, दारावरचे शिपाई, हे वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळपास तिप्पट प्रमाणात मेले. खालच्या पायरीवर विडी-सिगारेट जास्त होती, हो. पण ती हिशेबातून वजा केली तरी बराचसा फरक तसाच उरला. मधल्या पायऱ्याही बघा. दुसऱ्या पायरीवरचा पहिल्या पायरीवरच्याआधी, तिसऱ्या पायरीवरचा दुसऱ्याआधी. सगळ्यांचं 'वाटोळं' असं पगारश्रेणीप्रमाणे ओळीने होईल का?

लंडन लांब वाटत असेल तर मुंबईचंच घ्या. 1991 ते 1997 या काळात मुंबई शहरात मतदार याद्या हातात घेऊन घरोघर फिरून पस्तिशीच्या वरच्या जवळपास 1 लाख 48 हजार माणसांची नोंद केली गेली. काही वर्षांनी पुन्हा त्याच घरांत जाऊन कोण राहिलं, कोण गेलं हे विचारलं. शिक्षण कमी तसं मरणाचं प्रमाण जास्त, असं त्यातून निघालं. तुमचे बाबा 1991 मध्ये पस्तिशीचेच होते. परळच्या चाळीत कुणी वही घेऊन आलं होतं का, आईला विचारून बघा. आलं असेल तर त्या आकड्यांतला एक आकडा तुमच्या घरात झोपलेला आहे.

भावाच्या हिशेबाकडे येते. त्याने आकडा बरोबर वाचला, अर्थ चुकीचा लावला. 2016 ते 2020 च्या सरकारी तक्त्यांत भारतातल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान 68.6 आहे. पण ते जन्मापासूनचं. त्यात तान्हेपणी गेलेली बाळं आहेत, तरुणपणी अपघातात गेलेली पोरं आहेत. साठी गाठलेल्या पुरुषापुढे सरासरीने आणखी सतराएक वर्षं असतात. बाबांना झटका येऊन गेलाय, फुप्फुसं अशक्त आहेत, त्यामुळे ती सरासरी त्यांना जशीच्या तशी लागू नाही. एका माणसाचं किती उरलंय हे कुठलाच तक्ता सांगत नाही, डॉक्टर उत्तर देत नाहीत ते म्हणूनच. पण तुम्ही 'दिवस' धरून चालू नका. वर्षं धरून चाला.

कारण या विषयात लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट हीच आहे. कमी शिकलेला, अंगमेहनतीचा पुरुष लवकर जातो एवढंच आपण धरून चालतो. पण तो परावलंबी होतो ते त्याहून फार लवकर. इंग्लंडमध्ये 2010 साली मायकेल मार्मट यांच्या समितीने अहवाल दिला. तिथल्या सर्वांत गरीब वस्त्यांतली माणसं सर्वांत श्रीमंत वस्त्यांतल्या माणसांपेक्षा सरासरी सात वर्षं आधी मरतात. पण धडधाकट, अडचणीशिवायची वर्षं मोजली तर फरक सतरा वर्षांचा. सात आणि सतरा. म्हणजे आयुष्य आखूड, आणि त्या आखूड आयुष्यातला बिछान्यावरचा वाटा मोठा. ते आकडे वस्तीप्रमाणे काढलेत, शाळेप्रमाणे नव्हेत. पण तुमच्या घरात दोन भाऊ शेजारी उभे करा, चित्र तेच दिसेल. तुम्ही नोकरी सोडायची ती किती वर्षांसाठी? आणि घरात तुमचा पगार थांबला तर बाबांच्या औषधांचा नि आईच्या म्हातारपणाचा पैसा येणार कुठून? भावाने 'सोडून दे' म्हणताना स्वतःचं नाव त्या वाक्यात घातलेलं दिसत नाही.

सगळ्यांत आधी आईचा विचार करा. बाबा आता सांभाळले जातायत. पुढचा नंबर तिचा लागू देऊ नका. 63 वर्षांची बाई रोज दहा वेळा पुरुषभर वजन उचलत असेल तर कंबर जाणारच. पलंगाची उंची अशी करा की बाबा कडेला बसले की दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील. उठवताना त्यांना आधी चांगल्या, म्हणजे डाव्या कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, मग बसतं करायचं. उजवा हात धरून कधीही ओढायचं नाही. लुळ्या हाताचा खांदा ओढल्याने निसटतो, मग जे दुखणं लागतं ते झटक्यापेक्षा जास्त छळतं. अंगाखाली जुन्या सुती साडीची दुहेरी घडी घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून सरकवा. लाख रुपयांच्या पलंगाइतकी ती कामाला येते. स्वतःहून कूस बदलता येत नसेल तर दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. टाचा आणि माकडहाड रोज बघायचं, लाल डाग दिसला की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. खाताना-पिताना ठसका लागतो का? लागत असेल तर पाणी, ताक यांसारखं पातळ जास्त धोक्याचं असतं. ताठ बसवून, घट्ट पेज चमच्याने भरवा आणि ओपीडीत गिळण्याची तपासणी करून मागा. फिजिओथेरपी चालू नसेल तर ती या आठवड्यात सुरू करा. पहिल्या सहा महिन्यांत अंग जेवढं परत येतं तेवढं पुढे सहसा येत नाही, आणि तुमचे चार महिने गेलेत.

आंघोळीच्या शिव्या मनावर घेऊ नका. जन्मभर चाळीच्या नळावर पंचा नेसून आंघोळ केलेल्या माणसाला लेकीने नागवं पाहावं, यापेक्षा त्याला शिवी देणं सोपं वाटतं. रुग्णालयात मी पाहिलेले म्हातारे पुरुष मरणाला इतके घाबरायचे नाहीत जितके बेडपॅनला. सकाळी तास-दीड तासासाठी एखादे मामा, म्हणजे पुरुष मदतनीस, लावा. तुमच्याकडे आया-मावशी पुरवणारे ब्यूरो असतात, त्यांच्याकडे मामाही मिळतात. चोवीस तासांचा माणूस लागतोच असं नाही. आंघोळ, संडास, दाढी ही तीन कामं पुरुषाच्या हातून झाली की बाबांचा दिवस सुधारेल आणि तुमचाही. रविवारी मामांची सुट्टी, तेव्हा भाऊ. हे त्याला विचारायचं नाही, सांगायचं. मामांचा पगारही अर्धा त्याने द्यायचा. आणि बाबा कारण नसताना रडत असतील, किंवा भलत्या वेळी हसत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. झटक्यानंतर ते होतं, त्यावर औषध आहे.

गोळ्यांसाठी बाजारात आठवड्याचे डबे मिळतात. सकाळच्या कप्प्यावर सूर्य नि रात्रीच्या कप्प्यावर चंद्र काढा. कुणी म्हणेल, आता तर आम्हीच देतो, कशाला? देऊ नका, त्यांनाच डाव्या हाताने डबा उघडू द्या. पुन्हा झटका येऊ नये म्हणून या गोळ्या जन्मभराच्या आहेत, आणि ज्या माणसाच्या तोंडात दुसरेच गोळ्या टाकतात तो त्या गालात धरून नंतर थुंकतो. तेही पाहिलंय.

आता काकांना काम द्या. राग-लोभाचं बोलणं नको; कागद द्या. चांगलं अक्षर, अर्ज लिहायची सवय, कचेरीत 'साहेब' म्हणून घेतलेली पंचवीस-तीस वर्षं, हे सगळं त्यांच्याजवळ आहे आणि त्याची पहिली फी बाबांच्या मनीऑर्डरीतून गेली होती. झटक्याला साधारण सहा महिने झाले की अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी (अपंगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करता येतो. 40 टक्के किंवा जास्त निघालं तर सांभाळणाऱ्याला आयकरात 75 हजारांची वजावट मिळते, 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची, मात्र जुनी करपद्धत घेतली असेल तरच. भावाला हे जरूर कळवा, त्याचा उत्साह वाढेल. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्यांना काठी, वॉकर, कमोडची खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत लागतं. पुन्हा भरती करायची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. घरचे मामा, डायपर, फिजिओ यांचा खर्च तिच्यात नाही. श्रावणबाळ योजनेचा नाद सोडा. तिची उत्पन्नाची अट वर्षाला 21 हजारांची आहे, म्हणजे महिन्याला 1,750. एवढ्यात घर चालवणाऱ्या माणसाला तहसीलपर्यंतचं रिक्षाभाडंही परवडत नसेल, पण ते असो. कुठे अडलंच तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे.

बाबांच्या आधारकार्डावर जन्मतारीख काय आहे बघा. बहुधा 1 जून असेल. त्या पिढीतली अर्धी गावं गुरुजींनी 1 जूनला जन्माला घातली आहेत. त्या तारखेला 70 पूर्ण झाले की उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. गिरणीत लागताना त्यांनी वय वाढवून सांगितलं असेल तर तो कागद काढू नका, आधारवरची तारीखच चालते आणि दोन कागदांवर दोन वयं निघाली की कारकुनाच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

या सत्तरीवरून एक मनातलं सांगते. आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या सवलती वयावर ठरतात. 65 ला एसटीचं अर्धं तिकीट, 70 ला आयुष्मान, 75 ला एसटी फुकट. कागदावर सगळ्यांना सारखंच. पण काका पंचाहत्तरीत फुकट एसटीने पंढरपूरला जातील आणि बाबांना ते तिकीट मिळेपर्यंत बसच्या पायऱ्या चढता येणार नाहीत. 69 व्या वर्षी झटका आलेल्या वॉचमनला सांगायचं की थांबा, अजून काही महिने आहेत, आणि सकाळी टेकडी चढणाऱ्याला ठरलेल्या दिवशी कार्ड द्यायचं, याला समानता म्हणणं मला जड जातं.

तुमच्याबद्दल राहिलंच. तैवान आणि मेक्सिकोमध्ये झालेल्या अभ्यासांत दिसलं की मुलं जास्त शिकलेली असली तर आईवडील जास्त जगतात, स्वतः कमी शिकलेले असले तरी. चिठ्ठी वाचणारं, डॉक्टरांना उलट विचारणारं, फॉर्म भरणारं माणूस घरात आलेलं असतं. बारा तासांच्या ड्युटीतून तुमची फी भरणाऱ्या माणसाने हे गणित मांडलं नव्हतं. पण ते आता त्यांच्या बाजूने चालतंय. नोकरी न सोडण्याचं माझं खरं कारण हे आहे. ओपीडीच्या दिवशी तुम्ही रजा घ्या, त्यांच्याबरोबर आत जा आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून मराठीत वदवून घ्या. तेवढं महिन्यातून एकदा केलंत तरी पुष्कळ आहे.

राग जाईल की नाही हे मी सांगू शकत नाही. त्यातला थोडा तुम्हाला न सांगितल्याचा आहे, आणि तो रास्त आहे. पण एकदा बाबांना विचारा, गोळ्या का बंद केल्या होत्या. 'का केल्यात?' असं उलटतपासणीसारखं नको, "काय झालं होतं तेव्हा?" एवढंच. त्यांचं बोलणं अडखळतं, उत्तराला पाच मिनिटं लागतील, मधेच शब्द पुरवू नका. टीव्ही बंद करा आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसा.